विषय तुमचा, ओझं आमचं

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींपुढे आज जितके पर्याय ठेवलेले असतात, तितके त्यांच्या आईवडिलांना अख्ख्या पदवीत पाहायला मिळाले नव्हते. इतिहास मेजर घेणारी मुलगी ओपन इलेक्टिव्ह म्हणून गुंतवणुकीचा पेपर घेऊ शकते, रसायनशास्त्राचा मुलगा अनुवादाचा घेऊ शकतो. मेजर, मायनर, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे कप्पे आणि त्यातल्या कित्येक कप्प्यांत विषयांची एकेक ‘बास्केट’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत त्याप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. तेव्हापासून प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणांत निवडीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख झाला नाही, असं क्वचितच घडत असेल.

या स्वातंत्र्याचा एक अर्धा भाग मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. काय शिकायचं हे विद्यार्थ्यानं ठरवायचं. पण एका वेळी किती शिकायचं, हे त्याला कुणी विचारत नाही. ते आधीच ठरलेलं आहे. राज्याच्या आराखड्यात सेमिस्टरला वीस ते बावीस क्रेडिट, म्हणजे बहुतेक ठिकाणी बावीसच. थाळीत भाजी कुठली हवी ते सांगा, पण ताट पूर्ण भरूनच मिळेल आणि ते संपवावंही लागेल, असा हा प्रकार आहे. माझं म्हणणं असं की ‘किती’ ठरवण्याचा हक्क दिल्याशिवाय ‘काय’ ठरवण्याचा हक्क अर्धवट राहतो. इतकंच नव्हे, तो नासतो. आज विद्यार्थी विषय कसे निवडतात याबद्दल आपण ज्या तक्रारी करतो, त्यांतल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ इथे आहे.

आधी हे बावीस क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. पहिल्या सेमिस्टरला मेजर विषयाच्या वाट्याला त्यातले साधारण सहा येतात. उरलेले सोळा दोन-दोनच्या तुकड्यांनी इतर कप्प्यांत वाटले जातात. म्हणजे विद्यार्थी एकाच वेळी आठ-दहा विषयांच्या वर्गात बसतो, तितक्याच ठिकाणी इंटर्नल देतो, तितक्याच शिक्षकांच्या सबमिशनच्या तारखा सांभाळतो. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा सांगतो, की एका क्रेडिटमागे वर्गातला, प्रयोगशाळेतला आणि घरचा मिळून तीस तासांचा अभ्यास धरावा. त्या हिशेबानं बावीस क्रेडिटचे ६६० तास होतात. पंधरा आठवड्यांत वाटले, तर आठवड्याला ४४. ही झाली पूर्ण वेळाची नोकरी. बदलापूरहून दादरला शिकायला येणाऱ्या मुलीचे जाण्यायेण्याचे दिवसाला तीन तास धरले, तर सहा दिवसांचे १८ होतात. घर चालवायला ती संध्याकाळी चार तास कुठे काम करत असेल, तर आणखी २४. बेरीज ८६ वर जाते, आणि यात स्वयंपाक, आजारपण, घरचं लग्नकार्य काहीच धरलेलं नाही.

असा आठवडा कुणी जगत नाही. मग काहीतरी गळतं. लोकल चुकवता येत नाही, कामाला दांडी मारली तर पैसे कापले जातात, हजेरी भरावीच लागते. गळतो तो घरचा अभ्यास. म्हणजे वाचन, गणितं सोडवून पाहणं, लिहिलेलं पुन्हा लिहिणं. थोडक्यात, ज्याला शिकणं म्हणतात तोच भाग. गुणपत्रिकेवर क्रेडिट मात्र बावीसच्या बावीस जमा होतात.

क्रेडिटचा आणि शिकण्याचा हा दुरावा आजचा नाही. क्रेडिटचा जन्मच मुळी हिशेबनिसाच्या टेबलावर झालेला आहे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. ते वाटायचे, तर आधी ‘महाविद्यालय’ कशाला म्हणायचं हे ठरवणं भाग होतं. म्हणून कार्नेगी प्रतिष्ठाननं अट घातली: प्रवेश देताना शाळेतल्या अभ्यासाचं ठरावीक मोजमाप मागणाऱ्या संस्थांनाच पैसे मिळतील. त्या मोजमापाचं एकक होतं एका विषयाचे वर्षाला १२० तास. १९१० मध्ये प्रतिष्ठाननं मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याकडून महाविद्यालयांच्या कार्यक्षमतेचा अहवाल करवून घेतला. कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा हा अनुयायी. त्यानं विद्यार्थी-तास हे महाविद्यालयाच्या उत्पादनाचं माप म्हणून पुढे ठेवलं. मजकुराचं ओझं किंवा समजुतीची खोली मोजण्याचा दावा या मापानं कधी केला नव्हता. वर्ग किती वेळ भरला, एवढंच ते सांगत होतं. हिशेबासाठी ते सोयीचं होतं आणि आजही आहे. चूक होते ती त्या मापालाच ओझं समजण्यात.

ओझं वेगळ्या गोष्टींनी ठरतं. चार क्रेडिटची संख्याशास्त्राची ओळख आणि चार क्रेडिटचा मध्ययुगीन भारत, दोन्हींचे तास सारखे. पण एकात दर आठवड्याला गणितं सोडवली नाहीत तर तिसऱ्या आठवड्यापासून पुढचं काही कळत नाही. दुसऱ्यात महिनाभर मागे राहून शेवटी भरून काढता येतं. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाचं जर्नल पुरं करायला कधीकधी चार क्रेडिटच्या पेपरइतका वेळ जातो. आणि एकच विषय दोन विद्यार्थ्यांना सारखा जड नसतो. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी इंग्रजीतून अर्थशास्त्र वाचायला बसते, तेव्हा ती एकाच वेळी दोन विषय शिकत असते. त्यातल्या दुसऱ्याचे क्रेडिट तिला कुणी देत नाही. शेजारच्या बाकावरच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तोच पेपर निम्म्या वेळात उरकतो. दोघांना एकाच मापाचं ओझं देणं दिसायला समान आहे, पण ते न्याय्य नाही.

आता नेहमीच्या तक्रारीकडे येऊ. ‘हल्लीची मुलं विषय निवडताना कुठला स्कोअरिंग आहे, कुठले सर सढळ हातानं मार्क देतात, कुठल्या पेपरचे गाइड मिळतात एवढंच बघतात.’ तक्रार खरी आहे. पण तिच्यामागे जी नैतिक नाराजी असते, ती अनाठायी आहे. ज्याला ओझं कमी करण्याचा हक्क नाही पण ओझ्यातल्या वस्तू बदलण्याची मुभा आहे, तो शहाणा माणूस जड वस्तू काढून हलक्या भरणारच. सोपा विषय घेणं ही त्याची ‘मला थोडं कमी द्या’ अशी न बोललेली विनंती असते. ती सरळ करण्याची सोय फॉर्मवर नाही, म्हणून ती आडवळणानं होते. परिणाम असा, की ज्या मुलाला चारच विषय घेऊन त्यातला एक अवघड विषय मनापासून करता आला असता, तो आठ विषय घेतो आणि त्यातले सहा हलके शोधतो. निवडीचं स्वातंत्र्य ज्या कुतूहलासाठी दिलं, त्याच कुतूहलाचा बळी या व्यवहारात जातो.

हा अनुभव जगाला नवा नाही. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षं त्या पदावर राहिले. लॅटिन, ग्रीक आणि गणिताचा सक्तीचा अभ्यासक्रम मोडून त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत आणली. शतक संपता संपता तिथे पहिल्या वर्षाच्या लेखनविषयक पाठाखेरीज जवळपास काहीच सक्तीचं उरलं नव्हतं. पुढे तपासणी झाली, तेव्हा अनेक विद्यार्थी चारही वर्षं निरनिराळ्या विषयांच्या पहिल्या पायरीवरच रेंगाळलेले आढळले. १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी मग वेसण घातली. पदवीच्या सोळा विषयांपैकी किमान सहा एका शाखेत, आणखी सहा इतर शाखांत विखुरलेले. आजच्या आपल्या मेजर-मायनर-इलेक्टिव्हचा पूर्वज शोधायचा, तर तो तिथे सापडतो. आपण एलियट यांची विविधता घेतली आणि लॉवेल यांचा आराखडा घेतला. पण त्या पद्धतीबरोबर तिथे जी आणखी एक गोष्ट होती, ती सीमाशुल्क नाक्यावरच राहिली. एलियट यांच्या हार्वर्डमध्ये ज्याला झेपेल तो अधिक विषय घेऊन तीन वर्षांत पदवी पुरी करू शकत होता. आजही अमेरिकेत पदवीचा विद्यार्थी सहसा बारा क्रेडिटला पूर्ण वेळाचा धरला जातो. पंधरा ही नेहमीची चाल, आणि अठराच्या वर जायचं तर बहुधा परवानगी लागते. सुरुवातीच्या दिवसांत विषय सोडून देता येतो. परीक्षा न देता नुसतं ऐकायला बसण्याचीही बऱ्याच ठिकाणी सोय असते.

या फरकाची जाणीव आपल्याकडच्या मुलांना होते ती फार उशिरा. पुण्या-मुंबईहून अभियांत्रिकी करून अमेरिकेत एम.एस.ला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिथले सल्लागार सांगतात, की सेमिस्टरला नऊ क्रेडिट, म्हणजे तीन विषय घे. इथे सहा-सात पेपरांची सवय असलेल्या मुलाला ते हास्यास्पद वाटतं. तीनच विषय? उरलेल्या वेळात करायचं काय? मग तो हौसेनं चौथा घेतो, आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट, वाचन, प्रकल्प यांच्याखाली महिन्याभरात दबून जातो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. ‘किती घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात प्रथमच आलेली असते. चार वर्षांच्या पदवीत त्याला कुणी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

निवड आणि ओझं यांचा विचार करताना महाराष्ट्रातल्या वाचकाला एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. शाळेत डॉ. आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. विषयनिवडीचं स्वातंत्र्य म्हणजे काय हे ज्याला ते नाकारलं गेलं त्याच्याइतकं कुणाला कळणार? १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात पोचले. आंबेडकरांच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी त्यांच्या तिथल्या शिक्षणाची जंत्री दिली आहे: अर्थशास्त्राचे २९ पाठ, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. एकूण ६०.

या आकड्याचा बोध सहसा एकच काढला जातो: बाबासाहेब दिवसाचे अठरा तास अभ्यास करत, तुम्हीही करा. मला ही जंत्री वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. तिच्यात २९ एका बाजूला आणि ३१ दुसऱ्या बाजूला आहेत. म्हणजे जवळजवळ अर्धा अभ्यास मुख्य विषयाबाहेरचा. पण तो बाहेरचा भाग विस्कटलेला नाही. इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान हे सगळे एका प्रश्नाभोवती फिरतात: समाज असा का बनला आणि तो कसा बदलेल? भाषांचे दोन पाठ संशोधनाची अवजारं म्हणून आलेले दिसतात. आणि ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात वाचला नव्हता. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला होता. साठातल्या चार पाठांच्या त्या कोपऱ्यातून आधुनिक भारतातल्या एका मूलभूत विचाराची सुरुवात झाली. विषय निवडायचा तो प्रश्नाच्या मागे जाऊन, कप्प्याच्या मागे जाऊन नाही, एवढं ही जंत्री स्वच्छ सांगते.

ती आणखीही एक गोष्ट सांगते. साठ पाठांचं ते ओझं आदर्श म्हणून उचललेलं नव्हतं. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, परतल्यावर संस्थानाची नोकरी करायचा करार होता. घड्याळ चालू होतं. ज्याच्या मागे वेळ लागलेली असते, त्याला प्रसंगी जास्त उचलावंच लागतं, आणि म्हणूनच जास्त उचलण्याची मुभा हवी. तिथे ती होती. डी. डी. कोसंबी यांचंही तसंच. हार्वर्डमध्ये बर्कहॉफसारख्या गणितज्ञानं त्यांना गणितावर लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला होता. तो न मानता त्यांनी भाषांसह कितीतरी विषय घेतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. पुढे याच माणसानं आहत नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावून इतिहास लिहिला. उलट टोकाला टिळक. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यात घालवलं, परीक्षेत त्याची किंमत मोजली, आणि नंतर गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. तिघांनी निरनिराळी ओझी उचलली. सामाईक होतं ते एवढंच, की ओझं किती हे ठरवण्यात त्यांचा स्वतःचा हात होता.

यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. टिळकांना एक वर्ष सोडून देणं परवडलं. ज्याच्या घरी पुढच्या वर्षीची फी कुठून आणायची याची चिंता आहे, त्याला ‘कमी विषय घे, सावकाश शीक’ म्हणणं ही सुखवस्तू माणसाची चैन ठरेल. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा शैक्षणिक वर्षाला बांधलेली असते. मुलींच्या बाबतीत तर अनेक घरांत तीन वर्षांची मुदत अलिखित पण पक्की असते. चौथं वर्ष लागलं तर पदवी बाजूला राहून लग्न ठरण्याचा धोका. अशा मुलीला बारा क्रेडिट घ्यायला सांगणं म्हणजे तिचं शिक्षण थांबवायला हातभार लावणं.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. कमी ओझं सक्तीचं कुणी करू नये, सल्ला म्हणूनही सरसकट देऊ नये. पण आज काय घडतं ते पाहा. ओझं पेललं नाही की विद्यार्थी एक-दोन विषयांत राहतो. त्याला केटी लागते, आणि एटीकेटीच्या नियमानं तो ते विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात जातो. म्हणजे कमी विषय घेण्याची वाट आजही आहेच, फक्त ती नापास होण्यातून जाते. त्यात पुन्हा परीक्षा फी भरावी लागते, घरी बोलणी खावी लागतात, आणि पुढच्या सेमिस्टरचं ओझं कमी होण्याऐवजी वाढतं. सुखवस्तू मुलगा क्लास लावून यातून सुटतो. अडकतो तो गरीबच. तेव्हा गरिबाला सावकाश जाणं परवडत नाही या युक्तिवादाचा खरा निष्कर्ष असा, की त्याला आधीच ठरवून, सन्मानानं दोन विषय मागे ठेवता यावेत आणि त्यापायी त्याची शिष्यवृत्ती जाऊ नये. शिष्यवृत्ती वर्षांना न बांधता पुऱ्या केलेल्या क्रेडिटना बांधली, तर हे जमतं. आणि जिच्या हातात खरोखरच तीनच वर्षं आहेत, तिला एखाद्या सेमिस्टरला चोवीस-सव्वीस घेऊन पुढचं जड सेमिस्टर हलकं करता यावं. लवचीकपणा दोन्ही बाजूंना हवा.

दुसरा आक्षेप व्यवस्थेचा. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना शेकडो महाविद्यालयं जोडलेली आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याचं ओझं वेगळं झालं तर वेळापत्रक आणि परीक्षा कशा सांभाळायच्या? इथे मला उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. आपण दिलेली विषयांची निवड तरी कितपत सांभाळली जाते? नवा विषय द्यायचा तर शिक्षक लागतो. मंजूर पदं रिकामी, बरेचसे तास घड्याळी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर, अशा तालुक्याच्या महाविद्यालयात बास्केटमध्ये काय पडतं हे विद्यार्थ्याच्या आवडीवर ठरत नाही. कुठल्या विभागाचा वर्कलोड टिकवायचा आहे, यावर ठरतं. त्यातही पुरेशी मुलं आली नाहीत की तो पर्याय रद्द. विषयांची खरी विविधता ही खर्चिक गोष्ट आहे. ती कागदावर देता येते, गडचिरोलीतल्या वर्गात देता येत नाही. याउलट कमी विषय घेऊ देण्यासाठी एकही नवा शिक्षक लागत नाही, एकही नवा वर्ग लागत नाही. एक नियम लागतो आणि निकालाच्या संगणकप्रणालीत थोडा बदल लागतो. ज्या महाविद्यालयाला दहा पर्याय देणं शक्य नाही, तेही विद्यार्थ्याला आठाऐवजी सहा विषय घेण्याची परवानगी आजपासून देऊ शकतं. महाग स्वातंत्र्य आपण जाहीर केलं आणि जवळजवळ फुकटचं रोखून धरलं, हे या धोरणाचं मला न उलगडलेलं कोडं आहे.

शिवाय हे आपल्याला जमत नाही असंही नाही. इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी, संसार, शेती सांभाळून शिकणाऱ्यांना पदव्या देत आलं आहे. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये साठवलेलं क्रेडिट सात वर्षं ग्राह्य धरलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२४ च्या अखेरीस पदवी लवकर किंवा सावकाश पुरी करण्याच्या योजनाही मांडल्या. सावकाश जाणाऱ्याला कमी क्रेडिट घेऊन जास्तीत जास्त दोन सेमिस्टर अधिक घेता येतील आणि त्याची पदवी इतरांच्या पदवीइतकीच धरली जाईल, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेलं आहे. पण त्यासाठी पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर समितीपुढे जायचं, आपण वेगळ्या वाटेचे विद्यार्थी आहोत हे ठरवून घ्यायचं. ओझ्याची गरज अशी एकदाच ठरत नाही. वडिलांचं ऑपरेशन तिसऱ्या सेमिस्टरला निघतं, हंगाम बुडाल्यावर पाचव्या सेमिस्टरला काम धरावं लागतं. ‘किती’ हा प्रश्न दर सेमिस्टरला नव्यानं विचारला गेला पाहिजे आणि त्यासाठी कुणापुढे कारणं द्यावी लागू नयेत.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. सेमिस्टरला चौदा ते सव्वीस क्रेडिटची मोकळीक. पहिले दोन आठवडे वर्गात बसून पाहून मग नाव पक्कं करण्याची सोय. एखादा विषय गुणांविना ऐकण्याची परवानगी. आणि मोजक्या विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, जो फॉर्म भरताना शेजारी बसेल. या शेवटच्या गोष्टीवाचून बाकीचं सगळं उलटू शकतं. ज्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी आहे तिथे ‘मायनर’ म्हणजे काय हे सांगणारं कुणी नसतं. सल्ल्याविना दिलेलं स्वातंत्र्य ज्याला आधीच माहिती आहे त्याच्याच कामी येतं.

हे सगळं होईपर्यंत विद्यार्थ्यानं काय करावं? बावीसच्या चौकटीतही ओझं वाटून घेण्याला थोडी जागा असते. विषयांच्या नावांपेक्षा कामाच्या जातीकडे पाहावं. काही विषय रोजच्या सरावाचे असतात, काही वाचनाचे, काही जर्नलचे, काही प्रकल्पाचे. एकाच जातीचे दोन जड विषय शक्यतो एका सेमिस्टरला घेऊ नयेत. दोन प्रकल्पांच्या तारखा एकाच आठवड्यात येतात आणि दोन्ही वाया जातात. नाव मोहक वाटलं तरी आधी अभ्यासक्रम वाचावा, जुन्या प्रश्नपत्रिका चाळाव्यात, वरच्या वर्गातल्या मुलांना ‘मार्क किती मिळाले’ याऐवजी ‘आठवड्याला किती वेळ गेला’ असं विचारावं. चांगला शिकवणारा शिक्षक कंटाळवाण्या विषयातही मिळाला तर तो विषय घ्यावा. उलट करू नये. दर सेमिस्टरला एकच विषय असा ठरवावा ज्यात आपण खोल उतरणार, आणि बाकीच्यांत समाधानकारक गुणांवर थांबायला लाज वाटू देऊ नये. आठही विषयांत सारखंच उत्तम असण्याचा हट्ट धरला, की आठही वरवरचे होतात.

ओपन इलेक्टिव्हबद्दल मात्र माझा आग्रह आहे. ते दोनच कारणांनी निवडावं. एक तर ते आपल्या मुख्य प्रश्नाला बाहेरून मदत करणारं असावं: अर्थशास्त्राला संख्याशास्त्र, मराठीला भाषाविज्ञान किंवा इतिहास. नाहीतर ते निव्वळ कुतूहलाचं, मुख्य विषयाशी काही घेणंदेणं नसलेलं असावं: भौतिकशास्त्राच्या मुलीनं नाटक, वाणिज्यच्या मुलानं पक्षिनिरीक्षण. या दोहोंच्या मध्ये जे गुणांसाठी घेतलं जातं, त्याचे क्रेडिट तेवढे राहतात.

शेवटी एक मोठा आक्षेप उरतो, जो कुणी उघड बोलत नाही: अठरा वर्षांच्या मुलांना एवढं ठरवता येईल का? मोकळीक दिली तर ती चौदाच घेतील आणि आळसावतील. काही जण तसं करतील, यात शंका नाही. पण त्यांची फसगत चौदा क्रेडिटची असेल आणि पुढच्याच सेमिस्टरला सुधारता येईल. आज त्यांना तीन-चार वर्षं स्वतःच्या कुवतीबद्दल एकही निर्णय घेऊ न देता आपण बाहेर सोडतो, आणि बाहेर पहिल्याच नोकरीत साहेब विचारतो, हे काम किती दिवसांत होईल. तेव्हा होकार देताना हिशेब कसा करायचा, नकार कधी द्यायचा, एखादं काम मागे ठेवून दुसरं नीट कसं करायचं हे ती इतरांच्या खर्चानं शिकतात. अंगावर किती घ्यायचं हे ओळखणं हा शिक्षणाचा बाहेरचा बंदोबस्त नाही, तो शिक्षणाचाच भाग आहे. तो शिकवायचा तर तो निर्णय विद्यार्थ्याच्या हाती द्यावा लागेल, आणि त्यातल्या काही चुका त्याला विद्यापीठात असतानाच करू द्याव्या लागतील, कारण इथे त्या सगळ्यांत स्वस्तात होतात.